शहराखालच्या नद्या: 'रिव्हर्स ऑफ लंडन' वाचली तेव्हा...

पाणकळा: काल पावसात लंडनमध्ये क्लर्कनवेलच्या रे स्ट्रीटवरून जात होते. तिथे पबसमोर रस्त्यात जाळी आहे, कान दिला की खालून गाडलेली फ्लीट नदी ऐकू येते. उभी राहिले आणि बेन आरोनोविचची ही कादंबरी (२०११) आठवली. लंडनमधल्या पहिल्या हिवाळ्यात, ओळखीचं कुणी नसताना वाचली होती. शिकाऊ पोलीस पीटर, त्याला खुनाची साक्ष देणारं भूत, गाडलेल्या नद्यांच्या देवी. तिच्यामुळे मी हे शहर पायी फिरले. पण नद्यांचं भांडण एकीकडे आणि बाहुल्यांच्या खेळातल्या पंचचे खून दुसरीकडे, दोन्ही धागे नीट गुंफले जात नाहीत, हे तेव्हाही खटकलं होतं. तुम्हीही लिहा.

चकलीपात्र: पीटरची सहकारी लेस्ली!!! त्याच्यापेक्षा हुशार पोलीस ती, आणि पुस्तकभर तो तिच्याकडे बघतो कसा तेच जास्त. शेवटी तिचा चेहरा... पुस्तक मिटून बसले होते. कुकर झाला, येते परत.

घाटावरचा: आम्ही वाईचे. उत्सवात कृष्णामाई घाटावर येऊन बसते, त्यामुळे नायजेरियातून आलेली बाई थेम्समाई होते हे मला पहिल्या पानालाच पटलं. १८५८ साली सांडपाण्याने नदीला सुटलेल्या दुर्गंधीत तिचा जुना देव, म्हातारा थेम्स, शहर सोडून वरच्या अंगाला जातो, तिथे तर गलबललं.

सोल्डरगन: जादू केली की मोबाइलच्या चिपची वाळू होते आणि पीटर त्यावर चक्क प्रयोग करतो. मला हेच सगळ्यात आवडलं.

दुपारचाचहा: पुस्तक अर्धंच झालंय. पण कॉव्हेंट गार्डनच्या चर्चवर पाटी पाहिली, रोजनिशीकार पेपिसने १६६२ साली तिथे पंचचा खेळ पाहिला म्हणून. स्टेशनात लिफ्टला रांग होती, आईला घेऊन जिन्याने चढलो. १९३ पायऱ्या!

चकलीपात्र: अरे देवा, काकूंचे गुडघे?

दुपारचाचहा: बरे आहेत ताई. आता रांगेत थांबतो.

चकलीपात्र: थांबाच. हां, तर पीटरला जादू शिकवणाऱ्या नाइटिंगेलला गोळी लागल्यावर पुस्तकातला जीव जातो. तो हॉस्पिटलात आणि आपण नुसते धावतोय.

घाटावरचा: +१

ओढ्याकाठी: सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्री पुण्यातला आंबिल ओढा आमच्या तळमजल्यात शिरला. शेजारच्या आजी अंधारात पाण्याला हात जोडून म्हणत होत्या, "बाई, तुझी वाट आम्हीच अडवली गं." ही कादंबरी मी त्यानंतर वाचली. कथानकाचं म्हणाल तर आता फारसं आठवत नाही. त्या नद्या मात्र सगळ्या आठवतात.