वाफेचे इंजिन चालवण्याचा एक दिवसाचा अनुभव

प्रश्न (नाशिकरोड): बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, नोकरी विजेच्या इंजिनांवर झाली, पण लहानपणी पाहिलेले वाफेचे इंजिन त्यांच्या मनातून जात नाही. आम्ही इंग्लंडला ताईकडे जाणार आहोत. तिथे ते चालवायला शिकवतात म्हणे. सत्तरीत झेपेल का?

उत्तर: बाबांना अवश्य न्या, मी स्वतः हे केले आहे. जुन्या गाड्या जपणाऱ्या संस्था असे दिवस ठेवतात आणि चालक सतत शेजारी उभा असतो. रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडणारा दांडा, एकदम उघडला तर चाके जागच्या जागी फिरतात, म्हणून तो अंगठ्याएवढा सरकवून इंजिन हलण्याची वाट पाहावी लागते आणि वेग आला की रिव्हर्सर (दिशा आणि वाफेचे प्रमाण ठरवणारा दांडा) मध्याकडे आणून वाफ वाचवावी लागते. फावड्याने कोळसा टाकताना मात्र कंबर बोलते. ते काम बाबांनी टाळावे. कपडे जुनेच घालावेत.

दुसरे उत्तर: बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीकडे लक्ष ठेवायला त्यांना आधीच सांगा. भट्टीच्या छतावरचे पाणी आटले तर तिथली शिशाची डाट वितळते आणि वाफ थेट विस्तवावर येते. आपल्याकडे हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये अशी इंजिने जवळून पाहता येतात.

प्रश्नकर्ता: आभार. बाबांनी जुना डगला शोधायला घेतलाय.