मदत हवी आहे: कांद्याच्या स्लाइडमध्ये ॲनाफेज १ की २, कसं ओळखायचं?

प्रश्न: कांद्याच्या परागकोशाचा ॲसिटोकार्मिन स्क्वॅश (रंग देऊन दाबून केलेली स्लाइड) आहे, अर्धसूत्री विभाजन बघायचंय, २एन (साध्या पेशीतली गुणसूत्रं) = १६. ॲनाफेज १ मध्ये (पहिल्या विभाजनात गुणसूत्रं टोकांकडे ओढली जातात तो टप्पा) टोकांना ८-८ गुणसूत्रं आणि ॲनाफेज २ मध्येही (दुसऱ्या विभाजनातला तोच टप्पा) ८-८. मग मोजून फरक कसा कळणार? एका पेशीत ९ आणि ७ दिसली, ते नॉनडिसजंक्शन (गुणसूत्रं नीट वेगळी न होणं) का? आणि बऱ्याच स्लाइडमध्ये नुसत्या चौकड्याच (टेट्राड, विभाजन संपून झालेल्या चार पेशी) येतात.

उत्तर १: मोजणी नंतर, आधी भिंत बघा. कांदा एकदल. पहिलं विभाजन संपताच मधे भिंत येते, त्यामुळे ॲनाफेज २ चिकटलेल्या दोन पेशींत दिसतो: ८-८ चे चार गट. एकट्या पेशीत दोनच गट असतील तर ॲनाफेज १. (बहुतेक द्विदल फुलांत भिंती शेवटी एकदम येतात, तिथे हा नियम लावू नका.)

मग आकार. ॲनाफेज १ मधल्या गुणसूत्रात दोन क्रोमॅटिड (जुळ्या प्रती) असतात, सेंट्रोमिअरला (सांध्याला) जोडलेले, पण हात मोकळे. म्हणून ते जाड आणि फाकलेलं दिसतं. ॲनाफेज २ मध्ये एकच क्रोमॅटिड, बारीक. कारण कोहेसिनमध्ये, म्हणजे क्रोमॅटिड एकत्र धरणाऱ्या प्रथिनात आहे. सेपरेज हे विकर पहिल्या फेरीत हातांवरचंच कोहेसिन कापतं, तेव्हाच काएझ्मा (जोडीतली गुणसूत्रं जिथे अडकलेली असतात ते सांधे) सुटून समजात जोडी वेगळी होते. सेंट्रोमिअरजवळचं कोहेसिन शुगोशिन हे प्रथिन वाचवतं. तेही तेव्हाच कापलं गेलं, तर दुसऱ्या फेरीत क्रोमॅटिड कुठेही जातात.

उत्तर २: एका पेशीवरून नॉनडिसजंक्शन म्हणू नका. अंगठा जोरात दाबला की एखादं गुणसूत्र सरकून पलीकडच्या गटात जातं. चूक खरंच पहिल्या विभाजनात असेल तर चौकडीत दोन पेशी ९ च्या, दोन ७ च्या. दुसऱ्यात, एकाच पेशीत झाली तर ९, ७, ८, ८. चौकडीत केंद्रक मोजता येतं, गुणसूत्रं नाहीत. म्हणून ही मोजणी ॲनाफेज २ च्या जोडपेशींत करा: पहिल्या विभाजनातली चूक असेल तर एका पेशीत ९-९, शेजारच्या पेशीत ७-७. मागे राहिलेल्या गुणसूत्रांचे मात्र चौकडीत सूक्ष्मकेंद्रक दिसतात, ते शोधा.

नुसत्या चौकड्या म्हणजे कळी मोठी झाली. परागकोश पिवळा पडला असेल तर सोडून द्या, पारदर्शक घ्या. एकाच गोंड्यात सगळ्या वयाच्या कळ्या मिळतात. कळ्या स्थिर (फिक्स) करायला अल्कोहोल आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ३:१, ताजं बनवलेलं, २४ तास. मग ७० टक्के अल्कोहोल. कळीत सहा परागकोश असतात: एक फोडून टप्पा बघा, जमला तर बाकीचे पाच वापरा. ॲनाफेज आटोपतो झटपट, त्यामुळे मेटाफेज १ (त्याच्या लगेच आधीचा टप्पा) सापडला की त्याच परागकोशाच्या आणखी स्लाइड करा.