मदत हवी आहे: जावोर्स्की कोर्टवर असताना बेंच कोण सांभाळायचं?

फिलिपिन्सचे बास्केटबॉलपटू रॉबर्ट जावोर्स्की यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. १९८५पासून ते हिनेब्रा (Ginebra) संघाचे खेळाडू आणि कोच, दोन्ही एकदमच होते. १९८६ची ट्रॉफी, १९९०च्या बीजिंग एशियाडमधलं रौप्य, १९९८ची सिनेट निवडणूक हा तपशील मिळालाय, तो नकोय.

घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. चाळिशी उलटलेला हा गडी सात नंबरची जर्सी घालून स्वतःच कोर्टवर भिडलेला असताना टाइमआउट आणि खेळाडूंची अदलाबदल कोण ठरवायचं? सहायक कोच, की तेच हातवारे करून? यूट्यूबवर जुने सामने पाहिले, पण कॅमेरा कायम चेंडूमागे. टागालोग मुलाखतीही चालतील, मनिलातली मैत्रीण ऐकून सांगेल. पीबीएचा (फिलिपिन्सची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) तेव्हाचा नियम किंवा एखाद्या सहकाऱ्याची आठवण कुठे सापडेल?