मदत हवी आहे : फायरप्लेसमागची बिडाची पाटी, अस्सल की नक्कल?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये ससेक्सला आम्ही घेतलेल्या जुन्या घरात फायरप्लेसच्या मागच्या भिंतीला टेकवलेली बिडाची जाड पाटी आहे. इथे तिला फायरबॅक म्हणतात. आगीपासून विटा वाचवायच्या आणि तापून खोलीला ऊब द्यायची, हे तिचं काम.

आमच्या पाटीवर रिचर्ड लेनर्ड या ओतकाम करणाऱ्याचं नाव आणि १६३६ साल आहे. तो स्वतः हातोडा घेऊन उभा, पायाशी कुत्रा, शेजारी पेटलेली भट्टी! ससेक्समधल्याच ब्रीड गावच्या भट्टीतल्या या कारागिराने राजचिन्हांऐवजी स्वतःलाच ओतलं, हे मला फार थोर वाटतं. पण या नक्षीच्या नकला पुढे खूप निघाल्या, म्हणून विचारते.

त्या काळी लाकडी पॅटर्न (नमुना) वाळूत दाबून काढून घेत आणि त्या ठशात वर उघड्यावरच बिडाचा रस ओतत, म्हणजे वरची बाजू पाटीची पाठ होई. मग पाठीचा खडबडीतपणा बघून काही ठरवता येतं का? जुन्या पाटीवरूनच साचा घेतला तर बीड आकसून नक्कल साधारण एक टक्का लहान होते आणि नक्षी बोथट होते, एवढं वाचलंय. आमच्या पाटीवरची अक्षरं बोथटच आहेत, पण ती आगीने झिजलेलीही असू शकतात. हा फरक कसा ओळखायचा?

दुसरं, गंज तारेच्या ब्रशने काढला तर नक्षी जाईल का? कोल्हापूर-इचलकरंजीकडे फाउंड्रीत काम केलेलं कोणी असेल तर कृपया नक्की सांगा. पाठीचे फोटो हवे असतील तर टाकते.