ऑनलाईन अकाउंटिंगची डिग्री करून सर्टिफाईड अकाउंटंट होता येतं का? वय ३४, नोकरी चालू आहे

सांजवेळ:
नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते, आज लिहितेच. मी एका छोट्या कंपनीत सहा वर्षं बिलिंग आणि पेमेंटचं काम बघते, म्हणजे इन्व्हॉइस चढवायची, बँक स्टेटमेंटशी मेळ घालायचा, महिनाअखेरीला अकाउंटंटना फाईल तयार करून द्यायची. माझी डिग्री मात्र इतिहासाची. मध्यंतरी आमचे अकाउंटंट रजेवर होते आणि महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशोब जुळवून बंद करायचं काम, माझ्यावर आलं, तीन दिवस नुसती धावपळ झाली पण शेवटी सगळं जुळलं आणि तेव्हापासून डोक्यात एकच आहे की हे काम मला मनापासून आवडतं आणि ते अर्धवट नाही तर मुळापासून शिकायचंय. फाईल देणारी नाही, सही करणारी व्हायचंय.

मुलगी लहान आहे, रोज कॉलेजला जाणं जमणार नाही, त्यामुळे ऑनलाईनच. एका जाहिरातीत लिहिलंय की "डिग्री पूर्ण करा आणि सर्टिफाईड अकाउंटंट बना". खरंच इतकं सरळ आहे का? ऑनलाईन डिग्री धरतात का? आणि मला पुन्हा पहिल्या वर्षापासून चार वर्षं काढावी लागतील का? माझं लक्ष्य सीपीए (अमेरिकेतलं अकाउंटंटचं लायसन्स) आहे, पण एसीसीए (ब्रिटनमधल्या संस्थेची अकाउंटंटची पात्रता) पण ऐकलंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

तेरीज:
ताई, आधी ती जाहिरात बाजूला ठेवा. डिग्री कॉलेज देतं, सर्टिफिकेट किंवा लायसन्स कॉलेज देत नाही. कुठलंच कॉलेज देत नाही, ऑनलाईन असो की समोर बसून शिकवणारं असो. अमेरिकेत सीपीएचं लायसन्स प्रत्येक राज्याचं अकाउंटन्सी बोर्ड देतं आणि त्यासाठी तीन गोष्टी लागतात, शिक्षण, परीक्षा आणि अनुभव. डिग्री ही त्यातली फक्त पहिली. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, कॉलेज शोधायला सुरुवात करू नका, आधी बोर्ड शोधा. ज्या राज्यातून लायसन्स घ्यायचंय त्या बोर्डाच्या साईटवर शिक्षणाच्या अटींचं पान असतं, ते प्रिंट करून भिंतीला लावा आणि मग कॉलेजचे कोर्स त्याच्याशी एकेक करून ताडून बघा. बहुतेक लोक उलटं करतात, आधी फी भरतात आणि शेवटी बोर्डाचं पान उघडतात.

आता तुमचा चार वर्षांचा प्रश्न. बहुतेक राज्यांची जुनी अट १५० क्रेडिट अवर्सची (क्रेडिट म्हणजे कॉलेजच्या अभ्यासाचं माप) आहे आणि तिकडची नेहमीची बॅचलर्स साधारण १२० ची असते. पण नीट वाचा, हे १५० सगळेच्या सगळे अकाउंटिंगचे लागत नाहीत. त्यात अकाउंटिंगचे ठरावीक, बिझनेस विषयांचे ठरावीक, बाकीचे कुठलेही. म्हणजे तुमच्या इतिहासाचे क्रेडिट वाया जात नाहीत, ते एकूण बेरजेत धरले जाऊ शकतात! तुम्हाला कदाचित दुसरी पूर्ण डिग्री लागणारच नाही, फक्त अकाउंटिंगचे राहिलेले विषय आणि वरचे क्रेडिट पुरे होतील, आणि ते विषय ऑनलाईन सर्टिफिकेट प्रोग्राममधून किंवा मास्टर्समधून घेता येतात. तुमची डिग्री अमेरिकेबाहेरची असेल तर आधी तिचं इव्हॅल्युएशन, म्हणजे ती तिकडच्या किती क्रेडिटच्या तोडीची आहे याची तपासणी, करून घ्यावी लागेल, बोर्डाने मान्य केलेल्या संस्थेकडूनच. आणखी एक, ही १५० ची अट पण आता हलायला लागलीय. ओहायोने २०२५ मध्ये कायदा बदलला, बॅचलर्स आणि २ वर्षांचा अनुभव हा पण रस्ता खुला केला, आणि इतरही राज्यं त्याच वाटेने चाललीत. म्हणून कुणाचा जुना व्हिडिओ बघून ठरवू नका, बोर्डाचं आजचं पान बघा.

ऑनलाईन धरतात का, तर हो, मान्यता असेल तर. डिग्रीच्या कागदावर सहसा ऑनलाईन असं वेगळं लिहिलेलं नसतं. बोर्ड बघतं ते कॉलेजची मान्यता आणि तुमचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि मार्कांचा कॉलेजने दिलेला उतारा.

कोरी_वही:
वरचं मान्यतेचं वाक्य पुन्हा एकदा वाचा ताई. मी त्यातच फसलो. ज्या कॉलेजात मी शिकलो त्यांच्या साईटवर मान्यतेचं मोठं चिन्ह होतं, ऑफिसमधून फोनवर गोड बोलून सांगितलं की सगळीकडे चालतं, आणि मी पण विचारलं नाही की मान्यता दिली कुणी. दीड वर्ष रात्री बारा बारा वाजेपर्यंत जागून विषय पास केले, मार्क चांगले होते, आणि बोर्डाकडे ट्रान्सक्रिप्ट पाठवल्यावर उत्तर आलं की ही मान्यता आम्ही धरत नाही. एकही क्रेडिट धरला नाही. दीड वर्ष. त्या दिवशी बायकोला काय सांगावं कळेना, कारण त्या दीड वर्षात घरचं सगळं तिनेच ओढलं होतं.

नंतर दुसरीकडे पुन्हा सुरुवात केली आणि आज मी परीक्षेच्या शेवटच्या पेपरपर्यंत आलोय, म्हणून हे लिहू शकतोय. तुम्ही एवढंच करा, कॉलेजचं नाव आणि कोर्सचे नंबर लिहून सरळ बोर्डाला ईमेल करा की हे धराल का, आणि उत्तर लेखी घ्या. कॉलेजच्या ॲडमिशनवाल्यांचं तोंडी उत्तर धरू नका, त्यांचं काम ॲडमिशन करणं आहे.

मेळ_घाला:
एसीसीएबद्दल मी सांगते, मी त्या वाटेने गेले. तिथे डिग्रीची अटच नाही, १२ वीच्या तोडीचं शिक्षण असेल तरी सुरुवात करता येते. एकूण १३ पेपर, पासिंग ५०, त्याशिवाय एथिक्सचं मॉड्यूल आणि ३६ महिन्यांचा अनुभव. अकाउंटिंगची मान्य डिग्री असेल तर जास्तीत जास्त ९ पेपरची सूट मिळते, इतिहासाच्या डिग्रीवर सवलतीची आशा ठेवू नका. अनुभव परीक्षेच्या आधीचा, मधला, नंतरचा कुठलाही चालतो, फक्त काम त्यांच्या निकषात बसायला हवं आणि सुपरवायझरची सही लागते. म्हणजे तुमची सहा वर्षं तिथे थोडीफार उपयोगी पडू शकतात.

पण खरं सांगू का, आधी हे ठरवा की काम कुठे करायचंय. अमेरिकेत ऑडिट रिपोर्टवर सही करायची तर सीपीएच लागतं, तिथे एसीसीए घेऊन बसलात तर सही करता येणार नाही. आणि सही नकोय, कंपनीच्या आतलं बजेट, कॉस्टिंग, निर्णयाचं काम आवडतं असं असेल तर आयएमए या अमेरिकन संस्थेचं सीएमए, म्हणजे मॅनेजमेंट अकाउंटंटचं सर्टिफिकेट, बघा, दोनच पार्ट आहेत, प्रत्येकी ४ तासांचे, आणि २ वर्षांचा अनुभव. तुम्ही स्वतःच लिहिलंय सही करणारी व्हायचंय, म्हणून विचारतेय, कसली सही?

सांजवेळ:
बाई गं, एवढी सविस्तर उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. कोरी_वही दादा, तुमचं वाचून पोटात खड्डा पडला, कारण मी त्या जाहिरातवाल्या कॉलेजला पुढच्या आठवड्यात पैसे भरणारच होते. आज दुपारी बोर्डाला ईमेल केलाय.

मेळताई, ऑडिटचीच सही. क्लोजिंग करताना मला सगळ्यात जास्त तेच भावलं की एखादा आकडा खरा आहे का हे मागे जाऊन कागदापर्यंत तपासायचं. म्हणजे सीपीएच.

आता एक भीती. ऑनलाईन व्हिडिओ बघून खरंच येतं का हो? समोर सर नाहीत, अडलं तर विचारायचं कुणाला?

तेरीज:
व्हिडिओ बघून येत नाही ताई. हाताने एन्ट्री करून येतं. मी स्वतः पहिलं सहामाही नुसते व्हिडिओ बघितले, सगळं कळतंय असं वाटायचं आणि कोरा कागद समोर आला की डेबिट कुठे क्रेडिट कुठे काही सुचायचं नाही. मग मी पद्धत बदलली. व्हिडिओत उदाहरण आलं की तिथेच पॉज, वहीत टी अकाउंट (T आकाराचं खातं, डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट) काढायचं, स्वतः एन्ट्री टाकायची, मग पुढचं बघायचं. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला दोन तास लागतात, लागू देत.

आणि चूक शोधायची सवय लावा, सॉफ्टवेअरला लगेच हात लावू नका. समजा ट्रायल बॅलन्समध्ये, म्हणजे सगळ्या खात्यांच्या यादीत, डेबिट आणि क्रेडिटच्या बेरजेत १८० चा फरक येतोय. ९ ने भागून बघा, २० आले, बाकी शून्य, म्हणजे दोन आकडे उलटसुलट झाल्याची दाट शक्यता, मग तसं काही दिसतं का बघत जा आणि ४,८६० च्या जागी ४,६८० लिहिलेलं सापडतं. नाही सापडलं तर फरकाचा अर्धा करा, ९० ची एखादी रक्कम चुकीच्या बाजूला बसलीय का बघा. मला हे एका म्हाताऱ्या बुककीपर बाईंनी शिकवलं आणि ऑडिट करायला लागल्यावर कळलं की त्यांनी मला आकड्याकडे संशयाने बघायला शिकवलं होतं.

कॉलेज निवडताना अजून एक चाचणी सांगतो. त्यांचं सॅम्पल लेक्चर मागा आणि लीजचा धडा काढा. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी २०१९ पासून नियम बदलले, वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाड्याच्या करारांची जबाबदारी बॅलन्स शीटवर आणावी लागते. लेक्चरमध्ये अजून शिकवत असतील की ऑपरेटिंग लीज बॅलन्स शीटवर येत नाही, नुसता भाड्याचा खर्च दाखवा, तर समजा रेकॉर्डिंग जुनं आहे आणि कुणी हात लावलेला नाही. अशा ठिकाणी बाकीचे धडे पण तसेच असणार.

अडलं तर विचारायला माणूस हवाच, म्हणून ॲडमिशनच्या आधी विचारा की लाईव्ह शंका तास आठवड्यातून किती, आणि प्रश्नाला उत्तर किती दिवसांत. इंटरमीजिएट अकाउंटिंगला (पायाभूत कोर्सनंतरचा विषय) हे फार लागतं, बाँड आणि डिफर्ड टॅक्सच्या (पुढे ढकललेल्या कराच्या) धड्यांना सगळेच अडतात.

कोरी_वही:
परीक्षेची पण कल्पना असू द्या. डिग्रीच्या परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर देता येतात, खोली चहूकडून दाखवावी लागते, टेबलावर काही नको. पण सीपीएची परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यावी लागते. जानेवारी २०२४ पासून रचना अशी आहे की तीन पेपर सगळ्यांना, ऑडिट, फायनान्शियल आणि टॅक्स-कायद्याचा रेग्युलेशन, आणि चौथा तीनातून एक निवडायचा. प्रत्येक ४ तासांचा, पास व्हायला ७५, आणि ते टक्के नव्हेत, स्केलवरचा स्कोअर आहे.

सांजवेळ:
बोर्डाचं उत्तर आलं! ते कॉलेज त्यांच्या मान्य यादीत नाही. एक रुपयाही भरला नव्हता. दुसऱ्या दोन कॉलेजांची नावं विचारली होती, ती दोन्ही चालतात, आणि माझ्या जुन्या क्रेडिटचं इव्हॅल्युएशन करून घ्यायला सांगितलंय. आता शेवटचा प्रश्न, इव्हॅल्युएशन येईपर्यंत काय सुरू करू आणि पेपर कुठल्या क्रमाने देऊ?

तेरीज:
फार बरं झालं ताई. तोवर फायनान्शियल अकाउंटिंगचा पहिला भाग घरी सुरू करा, लायब्ररीतलं पुस्तक पुरतं. मग कॉलेजात इंटरमीजिएटचे दोन्ही भाग सलग घ्या, मध्ये खंड नको, आणि ते संपले की लगेच फायनान्शियलचा पेपर, कारण तो सगळ्यात मोठा आहे आणि दोघांचा अभ्यास जवळजवळ तोच. बऱ्याच राज्यांत १२० क्रेडिटवर परीक्षेला बसू देतात, बाकीचे लायसन्सच्या आधी पूर्ण केले की झालं, ते तुमच्या बोर्डात आहे का बघा. ऑडिट त्यानंतर. पहिला पेपर पास झाला की बाकीचे संपवायची मुदत सुरू होते, पूर्वी सगळीकडे १८ महिने होती, आता बऱ्याच राज्यांनी ३० केलीय, तुमची किती ते त्याच पानावर मिळेल.

आणि ऑफिसात आजच विचारून ठेवा की पुढच्या महिन्याचं क्लोजिंग अकाउंटंटच्या शेजारी बसून करू देतील का.