स्कॉटलंडमधल्या डंडीतले हयात नातेवाईक कसे शोधायचे? मदत हवी आहे

आम्ही मेलबर्नला असतो, नवरा इथलाच. सासूबाईंचे आजोबा डंडीहून इकडे आले, त्यांची धाकटी बहीण तिथेच राहिली, तिची नातवंडं-पतवंडं शोधायची आहेत.

स्कॉटलंड्सपीपल या तिथल्या सरकारी नोंदींच्या वेबसाइटवर क्रेडिट्स विकत घेऊन १८५५ नंतरच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी बघून झाल्या. १९११ च्या जनगणनेत बहीण जूट गिरणीत विणकर म्हणून आहे. तिच्या मुलीचं १९३८ चं लग्न सापडलं आणि बहिणीचा १९६७ चा मृत्यूदाखलाही. त्यावर माहिती देणारा म्हणून जावयाची सही आणि पत्ता आहे, तिकडच्या दाखल्यांचं हे एक भारी असतं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा देतात!

पण गाडी इथेच अडलीये कारण मुलीची मुलं १९४० नंतरची असणार आणि जन्माच्या नोंदीची इमेज १०० वर्षं, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षं ऑनलाइन उघडत नाही. जावयाचं आडनाव स्मिथ, म्हणजे पैशाला पासरी, फेसबुकवर शोधून काही उपयोग नाही. स्कॉटलंड्सपीपलच्याच एडिनबरातल्या सेंटरमध्ये बसून नवीन नोंदी बघता येतात हे माहितीये, पण सध्या जाणं शक्य नाही. डीएनए टेस्ट सुचवू नका प्लीज, सासूबाईंना ती अजिबात नकोय.

मृत्युपत्राच्या नोंदी, मतदार यादी की डंडीच्या पेपरातल्या निधनवार्ता, यातलं लांबून आधी काय बघावं? आणि कोणी सापडलंच तर पहिलं पत्र कसं लिहावं, की समोरच्याला फ्रॉड वाटणार नाही?