पायवाटांच्या कामाला हलका स्नो ब्लोअर: बॅटरीचा घ्यावा की पेट्रोलचा?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. घरांपुढच्या पायवाटा, पायऱ्या आणि फाटकापर्यंतची वाट बर्फ काढून मोकळी करून द्यायचं काम आहे. गाड्यांचे रस्ते घेत नाही. एका फेरीत १२ ते १५ ठिकाणं, वाट सरासरी २५ मीटर लांब, रुंदी कुठे १ मीटर तर कुठे १२० सें.मी. बहुतेक ठिकाणी काँक्रीट किंवा फरशी, दोन ठिकाणी खडी. बर्फ एरवी ८ ते १५ सें.मी., अधूनमधून २५ च्या वर. प्रत्येक ठिकाणी मशीन गाडीतून एकट्यानेच उतरवायचं आणि चढवायचं. ५३ सें.मी. रुंदीचं बॅटरीचं सिंगल-स्टेज (तीच पाती बर्फ उचलतात आणि फेकतात), तेवढंच पेट्रोलचं, किंवा एखादं लहान टू-स्टेज (पाती बर्फ आत ओढतात, आतला पंखा फेकतो), असे तीन पर्याय समोर आहेत. कोणतं घ्यावं? बॅटरीचं घेतलं तर बॅटऱ्या किती लागतील?

गरगरतं_पातं:
टू-स्टेज यादीतून काढा. वजन हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. टू-स्टेजची लोखंडी पाती जमिनीला टेकता कामा नयेत, म्हणून ते मशीन घसरपट्ट्यांवर थोडं उचललेलं असतं. खाली पातळ थर राहतो, त्यावर दोन-चार माणसं चालली की तो दाबून बर्फाची काच होते. चाकांच्या रस्त्यावर हे खपतं, पायवाटेवर नाही. सिंगल-स्टेजची रबरी पाती जमिनीला घासून चालतात, थेट फरशी दिसेपर्यंत साफ करतात, आणि त्याच घासण्याने मशीन पुढे ओढलं जातं. चाकं फिरवायला गिअर नाहीत, म्हणूनच ते हलकं.

वजनाचा हिशोब असा. बॅटरीची सिंगल-स्टेज मशीनं साधारण १५ ते ३२ किलो, पेट्रोलची २७ ते ४५ किलो, टू-स्टेज ७० ते १०० किलो. तुमची १५ ठिकाणं म्हणजे ३० वेळा उचल-ठेव. ४० किलोचं मशीन असेल तर एका फेरीत १,२०० किलो उचलता, २० किलोचं असेल तर ६००. पाठीच्या दृष्टीने हा फरक इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठा आहे. ३० किलोंच्या वर जाणार असाल तर उतरंडीची फळी घ्याच. आणि वजन पाहताना बॅटऱ्यांसकट पाहा, कारण जाहिरातीत पुष्कळदा बॅटरीविना वजन छापतात.

रुंदीकडे लोक फार कमी लक्ष देतात. ५३ सें.मी.च्या मशीनने १ मीटरची वाट दोन फेऱ्यांत होते, ६ सें.मी. एकावर एक येतात. पण १२० सें.मी.ला दोन फेऱ्यांत १०६ सें.मी.च निघतात, तिसरी फेरी करावीच लागते. ४६ सें.मी.च्या मशीनलाही १२० सें.मी.साठी तीनच फेऱ्या लागतात! म्हणजे तुमच्या बहुतेक वाटा १२० च्या असतील तर जास्त रुंद मशीनचं वजन फुकट वाहाल. बहुतेक १ मीटरच्या असतील तर ५३ घ्या, कारण ४६ चं दोन फेऱ्यांत ९२ वरच थांबतं. आधी टेप घेऊन वाटा मोजा, मग मशीन ठरवा.

वॅट_तास:
बॅटऱ्यांचा हिशोब मांडून दाखवतो.

२५ मीटरची वाट, दोन ते तीन फेऱ्या, म्हणजे एका ठिकाणी ५० ते ७५ मीटर चाल. १४ ठिकाणं धरली तर ७०० ते १,०५० मीटर. साध्या बर्फात मिनिटाला ३५ मीटर वेग धरा, म्हणजे पाती प्रत्यक्ष फिरण्याचा वेळ २० ते ३० मिनिटं. मोटर सरासरी १,२०० वॅट ओढते असं धरलं तर ४०० ते ६०० वॅट-तास.

आता बॅटरी. ५६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर ५६० वॅट-तास. पण छापलेले व्होल्ट पुष्कळदा भरलेल्या बॅटरीचे असतात, चालताना सरासरी त्याहून दहाएक टक्के कमी. म्हणून ५०० धरा. गारठलेल्या बॅटरीतून आणखी पाचवा हिस्सा तरी मिळत नाही, उरले ४००. तेव्हा कोरड्या दिवशी दोन जोड्या हव्यातच.

ओल्या बर्फाचा दिवस वेगळाच. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, ओला २०० ते ३०० किंवा जास्त. तुमच्या २५ मीटर लांब, १ मीटर रुंद वाटेवर १० सें.मी. बर्फ म्हणजे २.५ घनमीटर. कोरडा असेल तर फार तर २५० किलो, ओला असेल तर ७५० पर्यंत. वेग निम्मा होतो आणि मोटर जास्त ओढते. १,६०० वॅटने ४० ते ६० मिनिटं, म्हणजे १,१०० ते १,६०० वॅट-तास. तीन-चार जोड्या! तेवढ्या बॅटऱ्या विकत घेण्यापेक्षा त्या दिवसासाठी पेट्रोलचं मशीन परवडतं.

बॅटऱ्या गाडीत माणसं बसतात त्या भागात, झाकण असलेल्या डब्यात ठेवा, मागच्या उघड्या हौद्यात नको. मशीनला लावायची ती निघतानाच लावा. आणि शून्याखाली गेलेली लिथियम बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नका. थंडीत लिथियम आत नीट शिरत नाही, इलेक्ट्रोडवर धातूचा थर धरतो, आणि क्षमता कायमची जाते. चांगले चार्जर थंड बॅटरी घेतच नाहीत, दिवा लुकलुकत राहतो. ते मशीन बिघडल्याचं लक्षण नाही, बॅटरी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

चोक_आणि_प्लग:
वरचा हिशोब पटतो, म्हणूनच माझा कौल उलटा: मुख्य मशीन पेट्रोलचं, ३० किलोंच्या आसपासचं. धंद्यात दिवस वाया जातो तो ओल्या बर्फाच्या दिवशीच. मात्र पहाटे इंजिनाचा आवाज तुमच्या ग्राहकांना चालतो का, ते आधी विचारा. तिथे बॅटरी निर्विवाद जिंकते.

पेट्रोल घेतलं तर नव्वद टक्के त्रास एकाच जागी असतो: शिळं इंधन. महिन्याभरात उडून जाणारे भाग उडतात, इथेनॉल असेल तर पाणी ओढतं, आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो. लक्षण ओळखायला सोपं आहे. इंजिन चोक लावल्यावर चालतं, चोक काढला की वर-खाली हेलकावे खात बंद पडतं. डब्यात भरतानाच स्टॅबिलायझर (इंधन लवकर शिळं होऊ न देणारं रसायन) घाला. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरच्या वाटीतला उरलेला थेंबही काढा.

चार-स्ट्रोक इंजिनाला बहुतेक ठिकाणी ५डब्ल्यू-३० तेल, पुस्तिका बघून. गाडीत मशीन उभंच ठेवा. आडवं पडलं तर तेल एअर फिल्टरमध्ये जातं. इंधनाची चावी असेल तर ती बंद करून मगच गाडीत चढवा, नाहीतर वाफा आत भरतात.

खरेदीआधी वॉरंटीचा कागद नीट वाचा. घरगुती मशीन धंद्यासाठी वापरलं तर मुदत बरीच कमी होते, काही ठिकाणी मिळतच नाही.

पाऊलवाट:
फार उपयोगी. आणखी दोन गोष्टी: ओल्या बर्फात च्यूट (बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं) सारखं तुंबतं, ते कसं टाळायचं? आणि खडीच्या वाटांचं काय?

गरगरतं_पातं:
तुंबण्याची कारणं बहुधा हीच. मशीन उबदार जागेतून थेट बर्फात नेलं की पहिला बर्फ आत वितळतो, मग गोठून चिकटतो. म्हणून कामाआधी मशीन बाहेर गार होऊ द्या (बॅटरी मात्र आत). च्यूटला आतून सिलिकॉनचा फवारा मारा, फेरीच्या मध्ये पुन्हा एकदा. इंजिन नेहमी पूर्ण वेगावर ठेवा, हात आखडून नाही. ओला बर्फ असेल तर पूर्ण रुंदी घेऊ नका, अर्धीच घ्या, पण वेगाने चला. रेंगाळत चाललं की पात्यांवर पुरेसा बर्फ येत नाही, आलेला जोराने फेकला जात नाही आणि च्यूटमध्येच बसतो.

एवढं करूनही तुंबत असेल तर पाती तपासा. रबर झिजलं की पातं आणि मागच्या कवचातली फट वाढते, फेक कमी होते. बऱ्याच पात्यांवर झिजेची खूण म्हणून भोक असतं. रबर तिथवर आलं की दोन्ही पाती एकदम बदला. खालची खरवड पट्टीही त्याच वेळी पाहा. ती संपली की कवचच जमिनीवर घासू लागतं. फेरीला निघताना गाडीत एक बेल्ट, पात्यांचा एक जोड आणि पट्टीचे बोल्ट असू द्या. पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगही.

च्यूटमध्ये हात घालू नका, मशीन बंद असलं तरी. तुंबलेल्या पात्यात ताण अडकलेला असतो, बर्फ सुटताच पातं झटक्याने फिरतं आणि बोटं जातात. मशीन बंद करा, किल्ली किंवा बॅटरी काढा, पाती थांबली याची खात्री करा, मग मशीनसोबतच्या काठीनेच काढा.

खडीवर सिंगल-स्टेज चालवूच नका. पाती जमिनीला टेकतात, म्हणजे दगड उचलणारच, आणि तो काचेपर्यंत जातो. त्या दोन ठिकाणी रुंद फावडं वापरा, त्याची धार खडीपासून बोटभर वर ठेवा.

चोक_आणि_प्लग:
पायऱ्यांसाठी बॅटरीचं हातातलं पॉवर शॉवेल पाहा. सुमारे ३० सें.मी. रुंद, ५ ते ७ किलो. पायरीच्या कोपऱ्यातला बर्फ ते काढत नाही, तो फावड्यानेच निघतो. पण दारापुढचा ओटा मिनिटभरात होतो. पायऱ्या आधी करा, म्हणजे वरून पडलेला बर्फ नंतर मोठ्या मशीनने उचलला जाईल.

२५ सें.मी.च्या वर अंदाज असेल तर बर्फ थांबायची वाट पाहू नका. १० सें.मी. झाला की एक फेरी, परत १० झाला की दुसरी. ही मशीनं २० सें.मी.पर्यंत सुखाने चालतात, त्यापुढे बर्फ कवचाच्या वरून सांडतो आणि प्रत्येक वाट दोनदा करावी लागते.